तीन खणांचं कोडं-कपाट आणि त्यातले तीन चोरकप्पे

चोरकप्पा डोळ्याला सापडत नाही, फूटपट्टीला सापडतो. कपाट बाहेरून इतकं खोल, आतला खण इतकाच लांब, मग मधली जागा गेली कुठे, ही वजाबाकी एकदा कुणाला सुचली की झाकणं, खटके, लोहचुंबक सगळं फुकट. म्हणून जागा कशी लपवायची हा प्रश्न नंतरचा. आधी मापं अशी ठरवायची की वजाबाकी करावीशी कुणाला वाटूच नये. दुसरी गोष्ट पावसाची. एप्रिलमध्ये लोण्यासारखा सरकणारा खण जुलैत रुतून बसतो. साध्या कपाटाचा खण रुतला तर हिसका मारून काढता येतो, पण कोड्याच्या कपाटात हिसका म्हणजे आतला अडसर मोडणं. तेव्हा हलणाऱ्या प्रत्येक भागाला किती सैल सोडायचं, हे इथे कल्पकतेइतकंच महत्त्वाचं आहे.

खालचं कपाट टेबलावर ठेवायचं आहे. खोका ३६० मिमी रुंद, २९० मिमी उंच, २६० मिमी खोल, त्याखाली ४० मिमी उंचीची बैठक. समोरून पाहिलं तर एकसारखे तीन खण आणि खाली नक्षीची वाटावी अशी एक पट्टी. चोरकप्पे तीन: खालच्या खणात खोटा तळ, मधल्या खणाच्या पाठीमागे एक पेटी आणि बैठकीत एक चपटा ट्रे.

उकल अशी. खालच्या खणाचा खोटा तळ कुणालाही थोड्या खटपटीने सापडतो, आणि तो सापडावा म्हणूनच आहे. शोधणाऱ्याला काहीतरी मिळालं की तो पुढे शोधायचं थांबतो. खरं कोडं मधल्या खणापासून सुरू होतं. तो ९१ मिमी उघडून अडकतो. वरचा खण पूर्ण काढून आतली बांबूची पट्टी बोटाने उचलली तर मधला खण बाहेर येतो. तो उलटा, म्हणजे तळ वर करून, पुन्हा आत घातला आणि ओढला की मागची पेटी त्याला चिकटून बाहेर येते. पेटीत लोहचुंबकाची चकती असते. ती खालच्या खणाच्या जागी फळीवर फिरवली की ‘टक’ असा आवाज येतो, आणि बैठकीची पट्टी ट्रेसकट पुढे सरकते. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची किल्ली देते. जपानमधल्या हकोने भागातल्या ‘हिमित्सु-बाको’ पेट्यांचं तत्त्वही हेच: एक फळी सरकल्याशिवाय दुसरी सरकत नाही.

सामान

लाकूड सागवान, रंध्याची आणि कापाकापीची घट धरून पाऊण घनफूट. त्यातून निघणारे तुकडे असे:

वरची आणि खालची फळी ३६० × २६० × १५ मिमी, २ नग.
बाजू २६० × २६० × १५, २ नग, रेषा उभ्या.
मधल्या फळ्या ३३८ × २४६ × १०, २ नग.
खणांची तोंडं ३२९ × ७८.५ × १२, ३ नग, शक्यतो एकाच फळीतून सलग कापलेली.
खणांच्या बाजू ७८.५ मिमी उंच, १० जाड: २३४ लांबीच्या ४ आणि १५९ लांबीच्या २.
खणांच्या पाठी ३०९ लांब, १० जाड: ६२.५ उंचीच्या २ आणि ६९.५ उंचीची १.
बैठकीसाठी ४० रुंद, १२ जाड पट्टी, दीड मीटर. ट्रेच्या बाजूंना ३५ रुंद, १० जाड पट्टी आणि ट्रेच्या पाठीला ३५ × १५ चा एक तुकडा.

प्लायवूड: पाठीसाठी आणि पेटीच्या तोंडासाठी ६ मिमी, आणि हे दोन्ही एकाच तुकड्यातून. खणांचे तळ, ट्रेचा आणि बैठकीचा तळ ४ मिमी. खोटा तळ ३ मिमी. मागच्या पेटीच्या बाजूंना ८ मिमी जाडीचं कुठलंही हलकं लाकूड चालेल.

बाकी: १३५ × २० × २.५ मिमी बांबूची पट्टी, शिसवाची ८ मिमी गोल काडी, २०.५ मिमी लांब, निओडिमियम लोहचुंबक १२ × ३ चे २, ६ × २ चे २ आणि २० × ५ चा १, २० मिमी व्यासाचे साधे लोखंडी वॉशर ४, ६ मिमी जाडीच्या साध्या लोखंडी सळईचा १० मिमी तुकडा, बाहेरून ८, आतून ७ मिमीची पितळी नळी, १० मिमी, पितळी स्क्रू, नमद्याची (फेल्टची) पातळ पट्टी, अस्तरासाठी कापड. अस्तराला खणाचं कापड सुंदर दिसतं, आणि खणाला खण ही कोटी पाहुण्यांना सांगायलाही बरी.

सळई स्टेनलेसची घेऊ नका. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टेनलेस सळयांना लोहचुंबक धरत नाही, आणि हे बैठक बंद केल्यावर लक्षात आलं तर ती उलटी करूनच उघडावी लागते. घेण्याआधी दुकानातच चुंबक लावून बघा.

लाकूड आणि सैलपणा

सागवान आडव्या रेषेत फुगतो, उभ्या रेषेत जवळपास नाही. ८० मिमी रुंदीच्या पट्टीतली आर्द्रता ५ टक्क्यांनी वाढली, जे मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सहज होतं, तर पट्टी चिरणीच्या प्रकाराप्रमाणे सुमारे ०.४ ते ०.७५ मिमीने रुंदावते. खणांच्या बाजू आणि तोंडं ७८.५ मिमीची ठेवून वरच्या बाजूला दीड मिमी सोडला आहे तो यासाठी. हे माप कोरड्या दिवसात केलेल्या कामाचं. भर पावसाळ्यात काम करत असाल तर लाकूड आधीच फुगलेलं असतं, तेव्हा एक मिमी सोडणं पुरे, नाहीतर मार्च महिन्यात खण खुळखुळतील. पोस्टात मिळणारं कार्ड, पत्त्याचं पान अशा वस्तू फट मोजायला उपयोगी पडतात. पत्त्याचं एक पान साधारण ०.३ मिमी जाड असतं, म्हणजे दीड मिमीला पाच पानं.

लाकूड आणलं की लगेच कापू नका. ज्या घरात कपाट राहणार तिथे दोन-तीन आठवडे, मध्ये काड्या घालून हवेशीर रचून ठेवा. रंधा मारून मापाच्या दोन मिमी वर आणा, पुन्हा चार दिवस ठेवा, मग शेवटचं माप. या मधल्या चार दिवसांत जी फळी पिळवटायची ती पिळवटते. ती खणाच्या बाजूला वापरू नका.

साग तेलकट असतो, त्यामुळे डिंक नीट धरत नाही. सांध्याचे पृष्ठभाग चिकटवण्याच्या पाच मिनिटं आधी थिनरच्या फडक्याने पुसा, वाळू द्या आणि मगच फेविकॉल लावा. शिकंजे (क्लँप) चोवीस तास तरी ठेवा.

खोका

वरची-खालची फळी बाजूंच्या टोकांवर बसते: २६० अधिक १५ अधिक १५, एकूण २९०. सांधा ६ मिमीच्या लाकडी खुंट्यांचा, दर सांध्याला चार. ज्याचा हात बसलेला आहे त्याने पारव्याच्या शेपटीसारखा (डव्हटेल) सांधा जरूर करावा, पण वरून दिसणारा सुंदर सांधा लोकांचं लक्ष कपाटाकडे ओढतो, आणि इथे लक्ष कमीच हवं.

बाजूंच्या आतून दोन आडव्या खाचा पाडा, १० रुंद, ४ खोल. पहिली खाच बाजूच्या खालच्या टोकापासून ८० ते ९० मिमीच्या दरम्यान, दुसरी १७० ते १८० मिमीच्या. म्हणजे वरपासून खालपर्यंत ८०, १०, ८०, १०, ८०. तीन तोंडं तंतोतंत सारखी. चारही फळ्यांच्या मागच्या कडेला आतून १४ रुंद, ८ खोल अशी खाच काढा. पाठीचं प्लायवूड, ३४५ × २७५, या खाचेत बसतं आणि आतली खोली २४६ मिमी उरते.

पाठ चिकटवू नका. आठ पितळी स्क्रूंनी बसवा. ही तुमची मागची वाट आहे. अडसर मोडला, पेटी आत रुतली, उकल विसरली, तर कपाट न फोडता आत पोचण्याचा हा एकच सभ्य रस्ता. अठराव्या शतकात जर्मनीतल्या नॉयव्हीड इथे राँटगन पितापुत्रांच्या कारखान्यात झालेली गुप्त खणांची कपाटं आजही उघडून दाखवता येतात, कारण यंत्रणा दुरुस्त करता येईल अशा रीतीने बसवलेली होती. राँटगनांचं १७७९ च्या सुमाराचं मोठं कपाट बर्लिनच्या कलावस्तू संग्रहालयात आहे.

जोडताना दर सांध्यानंतर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर शिकंजा तिरपा ओढून घ्या. तिरक्या खोक्यात खण एका बाजूने घासतो, आणि घासलेली चकचकीत रेघ शोधणाऱ्याला सांगते की इथे काहीतरी हलतं.

खण

वरचा आणि खालचा खण बाहेरून २४० मिमी लांब, मधला १६५ मिमी. तोंडाच्या मागच्या बाजूला, दोन्ही टोकांना, १० रुंद, ६ खोल खाच. त्यात बाजू बसतात. पाठ दोन बाजूंच्या मध्ये, खुंट्यांवर.

तळाच्या खाचेचं माप तिन्ही खणांत सारखं नाही, आणि सगळी गंमत त्यात आहे. वरच्या आणि मधल्या खणात तळाची खाच खालच्या कडेपासून १२ मिमीवर. खालच्या खणात ५ मिमीवर. खाच ४ रुंद, ४ खोल. तळाचं प्लायवूड पाठीच्या खालून मागे जातं, पाठ त्यावर बसते. म्हणून वरच्या दोन खणांच्या पाठी ६२.५ उंच, खालच्याची ६९.५.

आता हिशोब बघा. वरच्या खणात तळ वर घेतल्यामुळे आतली खोली ६२.५ मिमी राहते. खालच्या खणात खऱ्या तळावर ९ मिमीची चोरजागा आणि ३ मिमीचा खोटा तळ धरला तरी ५७.५ मिमी मिळते. फरक फक्त ५ मिमीचा, तोही एकाच कापडाचं अस्तर सगळीकडे लावलं की कळत नाही. वरच्या खणात तळ नेहमीसारखा खाली ठेवला असता तर हाच फरक १२ मिमी झाला असता. १२ मिमी डोळ्याला कदाचित चुकतील, बोटाला चुकत नाहीत. शिवाय वरच्या खणाखाली जी १२ मिमीची पोकळी राहिली ती पुढे अडसराच्या कामी येते.

वरचा आणि खालचा खण बंद झाल्यावर मागे ६ मिमी रिकामे राहतात. तिथे फळीवर ६ मिमीच्या चिपा चिकटवा, म्हणजे तोंडं खोक्याच्या कडेला बरोबर येऊन थांबतील. मधल्या खणाला चीप नको, त्याला मागची पेटीच थांबवते.

पहिला चोरकप्पा: खोटा तळ

३ मिमी प्लायवूडचा तुकडा ३०८ × २१७. आतली जागा ३०९ × २१८ आहे, म्हणजे चारी बाजूंनी अर्धा मिमी. खऱ्या तळावर, पाठीपासून ५४ मिमी अंतरावर, खणाच्या पूर्ण रुंदीत ९ मिमी उंचीची टेकूची पट्टी चिकटवा. पुढे, तोंडाला लागून, तेवढ्याच उंचीची दुसरी पट्टी. खोटा तळ या दोन पट्ट्यांवर टेकतो. मागची कड बोटाने दाबली की ती ९ मिमी खाली जाते आणि सी-सॉप्रमाणे पुढची कड सुमारे २७ मिमी वर येते. तेवढ्यात नख घालून तळ उचलता येतो.

हे चालत नाही तेव्हा कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं. मागची कड खाली जाताना तिची वरची धार मागे सरकून पाठीला घासते. ही धार एक मिमी तिरकी घासून घ्या, अस्तर लावण्याआधी. दुसरं, अस्तर खणाच्या बाजूंवर चढवून चिकटवलं जातं आणि तळ कापडानेच धरून ठेवला जातो. अस्तर फक्त खोट्या तळाला गुंडाळा, बाजूंना नाही. तिसरं, टेकूच्या मागच्या ५४ मिमीत कुणीतरी नाणी किंवा कागद सारलेले असतात. ती जागा रिकामीच राहायला हवी. वस्तू ठेवायची जागा टेकूच्या पुढची.

मागे जड वस्तू ठेवली की तळ आपोआप उचलला जाऊ नये म्हणून पुढच्या पट्टीत ६ × २ चे दोन चुंबक बसवा आणि त्यांच्या समोर तळाच्या खालच्या अंगाला वॉशरची पातळ चकती.

दुसरा चोरकप्पा: अडसर आणि उलटा खण

वरच्या मधल्या फळीवर, म्हणजे वरच्या खणाच्या खाली, रुंदीच्या बरोबर मध्ये बांबूची पट्टी लांबीने ठेवा. तिचं पुढचं टोक फळीच्या पुढच्या कडेपासून ५० मिमीवर, मागचं १८५ वर. मागच्या टोकाला १६५ आणि १८० मिमीवर १० मिमी लांबीचे दोन स्क्रू. त्याहून लांब घेऊ नका, ते फळीच्या पार जातील. पुढून ६० मिमीवर पट्टीला शिसवाची काडी घट्ट चिकटवा, ती फळीतल्या भोकातून खाली जाते. पट्टीची जाडी आणि फळीची जाडी वजा जाता काडी मधल्या खणाच्या जागेत ८ मिमी लोंबते. हा अडसर.

भोक ८ मिमीचं पाडू नका. पट्टी वाकून वर गेली की काडी थोडी तिरपी होते, आणि घट्ट भोकात ती अर्ध्यावर अडकते. १० मिमीचं भोक पाडून ते पुढे-मागे पटाशीने किंचित लांबवा. खण ओढल्यावर ताण भोकाच्या पुढच्या कडेवर येतो, बांबूवर नाही, म्हणून ही नाजूक दिसणारी जोडणी टिकते.

काडीचं पुढचं अंग, म्हणजे कपाटाच्या तोंडाकडचं, खालून तिरकं तासा. मागचं अंग सरळच ठेवा. खण आत ढकलताना पाठीची वरची कड तिरक्या अंगावरून सरकते, काडी उचलली जाते आणि पाठ पुढे गेली की खाली पडते. बाहेर ओढताना पाठ सरळ अंगाला धडकते. पाठीची आतली बाजू १५५ मिमीवर, काडीची मागची बाजू ६४ वर, म्हणून ९१ मिमीवर खण थांबतो. अर्धवट उघडलेल्या खणात मागचा भाग अंधारात राहतो, आणि हा खण इतरांपेक्षा ७५ मिमीने आखूड आहे हे बाहेर काढेपर्यंत कळत नाही. अडसर कुलूप तर आहेच, पण मोजमाप लपवणारा पडदाही तोच.

बांबूऐवजी पोलादी पट्टीची स्प्रिंग वापरता येते, पण ती दमटपणात गंजते आणि वाकली तर तशीच राहते. बांबूची साल असलेली बाजू वर ठेवा. जुना, वाळलेला बांबू घ्या, ओला नको. वरचा खण काढल्यावर ही एकच पट्टी दिसली तर शंका येते, तेव्हा डावी-उजवीकडे तशाच दोन पट्ट्या नुसत्या चिकटवा. तिन्ही धावपट्ट्या वाटतात.

आता मागची पेटी. ३२८ रुंद, ७७ उंच, ७९ खोल, वर उघडी. तिच्या तोंडाला पाठीचंच ६ मिमी प्लायवूड, त्याच रेषांचं, त्याच पॉलिशचं. मधला खण काढल्यावर हात आत घालणाऱ्याला ती कपाटाची पाठच वाटली पाहिजे. पेटीच्या मागे २ मिमीचा नमदा लावा, म्हणजे ती खडखडत नाही.

पेटीच्या तोंडाला आतल्या बाजूने, तळापासून २० मिमी उंचीवर आणि दोन्ही टोकांपासून ६० मिमीवर, वॉशरसाठी खळगे पाडा. बाहेरच्या बाजूला प्लायवूडची जेमतेम एक मिमी जाडी उरू द्या. वॉशर इपॉक्सीने चिकटवा. मधल्या खणाच्या पाठीला बाहेरच्या अंगाने, वरच्या कडेपासून २० मिमी खाली, १२ × ३ चे दोन चुंबक बसवा आणि वर अर्ध्या मिमीचा लाकडी पापुद्रा चिकटवा. खणाचं बाहेरचं माप ३२९ आहे, पेटीचं ३२८, म्हणून टोकापासूनचं अंतर दोन्हीकडे मध्यरेषेपासून मोजून आखा.

खण सरळ असताना चुंबक ५८.५ मिमीच्या उंचीवर असतात, वॉशर २० वर, एकमेकांचा पत्ता नाही. खण उलटा केला की चुंबक २० मिमीवर येतात. उलट्या खणाला अडसर अडवत नाही, कारण आता वरच्या बाजूला तळाची १२ मिमीची पोकळी आहे आणि लोंबणारी काडी ८ मिमीचीच. खण शेवटपर्यंत ढकला, हलका दाब द्या, आणि सरळ बाहेर ओढा. पेटीचं तोंड काडीला अडतं, तिथे बांबूची पट्टी पुन्हा बोटाने उचलून धरा.

पेटी येत नसेल तर पापुद्रा आणि प्लायवूड मिळून अंतर किती आहे ते बघा. दीड मिमीच्या पुढे चुंबकाची ओढ झपाट्याने घसरते. अंतर ठीक असेल तर पेटीच्या खालच्या कडांना मेणबत्ती घासा. आणखी चुंबक लावण्याचा मोह टाळा, मग खण पेटीपासून सुटताना हिसका बसतो.

तिसरा चोरकप्पा: बैठक

बैठक खोक्याच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना १० मिमी बाहेर, म्हणजे ३८० × २७०. बाजूच्या पट्ट्या आणि मागची पट्टी खोक्याला खालून स्क्रूने, तळाला ४ मिमीचं प्लायवूड. पुढची पट्टी मात्र ट्रेचं तोंड आहे. तिची दोन्ही टोकं आणि बाजूच्या पट्ट्यांची पुढची टोकं ४५ अंशात कापा. सांधा कोपऱ्याच्या धारेवरच येतो, तिथे रेघ असणं स्वाभाविकच वाटतं. कोपऱ्यांखाली ३ मिमीचे रबरी पाय लावा, नाहीतर तोंडाची पट्टी टेबलावर घासते. पट्टीच्या खालच्या कडेला आतून नखाची खाच ठेवा.

ट्रे बाहेरून ३५५ रुंद, तोंडासकट २५० लांब, ३५ उंच. पाठ १५ मिमी जाड. तिच्यात वरून ८ मिमी व्यासाचं, ५ मिमी खोल भोक. खोक्याच्या खालच्या फळीत खालच्या बाजूने ८ मिमी व्यासाचं १३ मिमी खोल भोक, त्यात पितळी नळी. वर फळीची २ मिमी जाडी उरते आणि वरून काहीच दिसत नाही. हे भोक चपट्या पात्याच्या बिटने पाडू नका, त्याचं टोक पार वर निघेल. साधा पिळाचा बिट घ्या, टोकापासून १३ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा आणि आधी रद्दी तुकड्यावर करून बघा.

भोकांची जागा मोजून आखण्यापेक्षा उमटवून घेतलेली बरी. हिशोबाने ती खोक्याच्या पुढच्या कडेपासून २३२ मिमीवर, रुंदीच्या मध्ये येते. आधी फळीतलं भोक पाडा, त्यात टोक जरासं बाहेर राहील असा खिळ्याचा तुकडा घाला, आणि तळाचं प्लायवूड लावण्याआधी ट्रे बंद असतानाच्या जागी धरून खालून दाबा. ट्रेच्या पाठीवर खूण उमटते, तिथेच दुसरं भोक. ट्रे बंद असताना अर्ध्या मिमीची हालचाल राहील इतपत ते मागे-पुढे सैल करा.

सळईच्या तुकड्याची, म्हणजे खिळीची, दोन्ही टोकं गोल घासा, मेण चोळा, तेल नको. तेलाला भुसा चिकटतो आणि खीळ नळीत रुतते. ट्रे बंद होताना खीळ बोटाने वर धरता येत नाही, म्हणून ट्रेच्या पाठीची मागची वरची धार तिरकी उतरती करा. ट्रे आत जाताना ती खिळीला वर ढकलते आणि भोक समोर आलं की खीळ पडते.

२० × ५ चा चुंबक शिसवाच्या चकतीत बसवून ती मागच्या पेटीत ठेवा. लहान चुंबकावर समाधान मानू नका. पडलेली खीळ फळीच्या पृष्ठभागापासून सुमारे ११ मिमी खाली असते, तेवढ्यावरून १२ × ३ चा चुंबक तिला जेमतेमच उचलतो.

उघडताना एक गोष्ट हमखास चुकते. ट्रे ओढत ओढत चुंबक लावला तर खीळ भोकाच्या कडेला दाबली जाते आणि उठत नाही. आधी बैठकीची पट्टी आत ढकलायची, मग चुंबक, मग ‘टक’, मग ओढायचं. चुंबक विसरला किंवा हरवला तर सगळे खण काढून कपाट उलटं करा. खीळ आपल्या वजनाने नळीत जाते आणि ट्रे सुटतो. वजनदार कपाट सहसा कुणी उलटं करत नाही, पण ज्याला ते सुचेल त्याला बैठक मिळेल, हे धरून चाला.

बैठक मापात घट्ट बसली तर ट्रे पिचकारीसारखा हवा दाबतो आणि शेवटचे दहा मिमी आत जात नाही. बैठकीच्या मागच्या पट्टीत ६ मिमीचं भोक ठेवा. खणांच्या बाबतीतही हेच: एक खण ढकलला आणि दुसरा बाहेर आला, तर पाठीच्या प्लायवूडमध्ये दर खणामागे एक बारीक फट हवी.

पॉलिश आणि पहिला पावसाळा

बाहेरून लाखेचं पॉलिश, पातळ तीन-चार हात, मध्ये ४०० नंबरचा पॉलिश पेपर. आतल्या सरकत्या कडांना पॉलिश नको, नुसतं मेण. जवसाचं तेल आतल्या बाजूला लावू नका. बंद खणात ते महिनोन्‌महिने वास मारतं आणि दमट हवेत चिकट राहतं.

चोरकप्प्यात ठेवायच्या वस्तू कापडात गुंडाळा. नाणं एकदा खणखणलं की कोडं संपलं. निओडिमियमचे सुटे चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना ओढून जिवावरचं दुखणं होतं. पेसमेकर बसवलेल्या माणसानेही किल्लीची चकती छातीजवळच्या खिशात ठेवू नये.

उकलीचा कागद पाठीच्या प्लायवूडला आतून चिकटवा आणि घरातल्या एकाला तरी पाठ स्क्रूने बसवली आहे एवढं सांगून ठेवा.

जुलैत मधला खण जड झाला तर लगेच रंधा घेऊ नका. वरचा खण काढून अडसर मोकळा हलतो का ते बघा, भोकात साचलेला भुसा हे नेहमीचं कारण. मग खणाच्या बाजूंच्या वरच्या कडांवर चकाकणारा डाग शोधा आणि फक्त तेवढाच भाग १२० नंबरच्या पेपरने उतरवा. पेपरचे पाच-सहा हात आणि मेण पुरतं. रंध्याने काढलेला एक पापुद्रा मात्र जानेवारीत खण खुळखुळवतो, आणि मधल्या खणात त्या ढिलाईने अडसराची पकड कमी होते. साडेसहा मिमीची पकड पाचच्या खाली गेली की जोराच्या ओढीने खण अडसरावरून उसळून बाहेर येऊ लागतो. तसं झालंच तर शिसवाची काडी बदलून दोन मिमी लांब लावा, पण मग काडी १० मिमी लोंबते. उलट्या खणाच्या १२ मिमी पोकळीत ती अजून मावते, त्याहून लांब मावत नाही. वरचा खण आत असताना मधला खण ढकलला तर वर गेलेली पट्टी वरच्या खणाच्या तळाला टेकेल, म्हणून अशा वेळी वरचा खण काढूनच मधला बसवावा लागेल.